आत्याबाईंचा तिसरा हशा

कुंदाताई शेवडे यांनी पहिल्याच भेटीत मला स्टेजवरून खाली उतरवलं होतं. नागपूरहून बर्मिंगहॅमला येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. मराठी मंडळाच्या नाटकाला माणसं हवी आहेत असं कळलं, तेव्हा मी शनिवारी दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून चर्चच्या मागच्या हॉलवर हजर झालो. कॉलेजात एकांकिकेसाठी मला बक्षीस मिळालं होतं, आणि ते मी त्यांना न विचारता सांगितलंही. त्यांनी माझ्याकडून एक पान वाचून घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, "हेमंत, आवाज स्वच्छ आहे तुझा. पण तू बोलताना स्वतःचंच ऐकत बसतोस. प्रॉम्प्टिंग कर. तिथे तुला दुसऱ्यांचं ऐकावं लागेल."

झालं. पुढची सात वर्षं मी विंगेत एका स्टुलावर काढली.

ताई तेव्हा साठीच्या जवळ आल्या होत्या. कौन्सिलच्या एका लायब्ररीत त्यांची सगळी नोकरी गेली. आठवडाभर लोकांना गप्प बसवायचं आणि शनिवारी लोकांना बोलतं करायचं, असं त्या स्वतःबद्दल सांगायच्या. अंगाने बुटक्या, चालणं मात्र असं की हॉलच्या लाकडी फरशीवर त्या आल्या हे पाठमोऱ्या माणसालाही कळायचं. आवाज तर विचारूच नका. स्टेजवर उभं राहून त्या किचनमधल्या माणसाला "माझ्यात साखर नको" असं सांगायच्या आणि मधल्या खिडकीतून चहा बरोबर बिनसाखरेचा यायचा. माइकची त्यांना चीड होती. नट नीट बोलला तर शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्या आजोबांनाही ऐकू जातं, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि ते आजोबा खरोखरच त्यांच्या वाक्यांना हसायचे.

नवशिक्यांना त्या आधी हातांचं शिकवत. "हाताला काम दे. रिकामा ठेवलास तर तो प्रेक्षकांकडे बघत बसतो." सेट उभारायचं काम त्यांचे यजमान शेवडेकाका करायचे. ताईंचा नवरा काका कसा, हा प्रश्न मंडळात आजवर कुणाला पडलेला नाही.

आणि एक वही होती. निळ्या पुठ्ठ्याची, तालमीत कुणी काय चुकलं ते लिहायची. ती माझ्या ताब्यात असायची. तारीख घालायची, नाव घालायचं, चूक लिहायची, आणि तालीम संपली की सगळ्यांना गोल बसवून वाचायची. ताई याला पंचनामा म्हणत. सुरुवातीला मी सगळ्यांच्या चुका लिहायचो, त्यांच्या सोडून. एका शनिवारी वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आज दुसऱ्या प्रवेशात मी कप उजव्या हातात घेतला. रोज डाव्यात घेते. कुठे आहे नोंद?" मी वही चाळायला लागलो. "मुद्दाम घेतला होता. तू बघतोस की नाही ते बघत होते. यापुढे माझं नाव आधी लिहायचं." तेव्हापासून मी त्यांचं नाव आधी लिहीत आलो. त्या वहीत काही लपवलेलं नाही, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो. त्याचा उपयोग काय झाला, ते पुढे सांगतो.

ताईंनी स्वतः एक नाटक लिहिलं होतं. साताऱ्याची एक आत्याबाई महिनाभरासाठी भाच्याकडे बर्मिंगहॅमला येते आणि परत जायचं नावच काढत नाही, अशी त्याची साधी गोष्ट. आत्याबाई अर्थात त्याच. पहिल्या अंकात दार उघडतं, दोन पिशव्या घेऊन आत्याबाई आत येतात, आणि पुढचा मिनिटभर काहीच बोलत नाहीत. नुसत्या बघतात. आधी भाचेसुनेच्या जीन्सकडे, मग बिनभांड्यांच्या चकचकीत ओट्याकडे, आणि शेवटी फ्रिजवर लावलेल्या कामांच्या यादीकडे, जिच्यात भांडी घासण्यापुढे भाच्याचं नाव असतं. तीन नजरा, तीन हशे. तिसरा सगळ्यात मोठा, कारण त्या यादीकडे बघताना ताईंचा चेहरा आधी लांब व्हायचा, मग भुवया चढायच्या, आणि मग एका कोपऱ्यातून असं काही हसू फुटायचं की सभागृहातल्या सगळ्या सासवा आणि सगळ्या सुना एकाच वेळी हसायच्या. बर्मिंगहॅमच्या पहिल्या प्रयोगाला मी वहीत लिहिलं: तीन हशे. तिसऱ्यानंतर वाक्यासाठी बराच वेळ थांबावं लागलं.

प्रयोग गाजला. पुढच्या वर्षी स्लाऊच्या मंडळाने बोलावलं, त्याच्या पुढच्या वर्षी केंब्रिजच्या. तेच नाटक, तीच माणसं, तीच वाक्यं.

स्लाऊच्या तालमींपासून वहीत ताईंच्या नावापुढे काही ना काही यायला लागलं. डावा हात लोंबतो. आवाज मागे पोचत नाही. वळताना वेळ लागतो. मी पंचनाम्यात वाचायचो, त्या ऐकून घ्यायच्या आणि पुढच्या शनिवारी तेच पुन्हा व्हायचं. त्यांचा डावा खांदा धरला होता. जीपीने, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांनी, फ्रोझन शोल्डर सांगितला होता, व्यायाम दिले होते. डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. ताई खांद्यासाठी गेल्या होत्या आणि खांद्याबद्दलच बोलल्या होत्या.

माझी नोकरी सॉफ्टवेअर तपासण्याची आहे. दोष सापडला की तो नोंदवायचा, काम अडू नये म्हणून तात्पुरती सोय करायची आणि मग त्याचं मूळ शोधायचं, ही तीन कामं मी ऑफिसात रोज करतो. नाटकात आम्ही पहिली दोन केली, आणि फार हौसेने केली. हात लोंबतो ना? मग त्या हातात सबंध प्रवेशभर पर्स दिली. वळायला वेळ लागतो ना? काकांनी दार उजवीकडे हलवलं, म्हणजे वळावंच लागू नये. आवाज पोचत नाही म्हणून मी कॉलरला लावायचा छोटा माइक आणला. ताई त्याच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता मला फाडून खाणार. त्या म्हणाल्या, "लाव." नटाची अडचण प्रेक्षकांना दिसू द्यायची नाही, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं, आणि आम्ही त्यांची अडचण इतकी छान झाकली की ती आम्हालाही दिसेनाशी झाली.

बाकीच्या गोष्टींवर तर आम्ही हसलो. एका शनिवारी किचनमध्ये दूध उतू जाऊन करपलं. हॉलभर वास. पोरं खिडक्या उघडायला धावली. ताई गॅसपासून चार हातांवर खुर्ची टाकून संवाद पाठ करत बसल्या होत्या, त्यांना पत्ताच नाही. "एकाग्रता असावी तर अशी," असं मी सगळ्यांना सांगितलं. दुसऱ्या एका दिवशी काका चहा पिता पिता म्हणाले, "अहो, ही आता झोपेतही तालीम करते. परवा ओरडली काय, मला लाथ काय मारली! मी आपला पाहुण्यांच्या खोलीत झोपतो." आम्ही पोट धरून हसलो. नाटकवाल्या बायकोशी लग्न केल्यावर आणखी काय होणार, असं कुणीतरी म्हणालं. तो कुणीतरी बहुतेक मीच होतो.

केंब्रिजला ताईंची मुलगी राहते. ती पहिल्या रांगेत बसली होती. दार उघडलं, आत्याबाई दोन पिशव्या घेऊन आत आल्या. जीन्सकडे बघितलं. थोडं हसू आलं. ओट्याकडे बघितलं. काही नाही. यादीकडे बघितलं, आणि सभागृहात कुणीतरी खोकलं. ताई तशाच यादीकडे बघत उभ्या होत्या. मी विंगेतून त्यांचा चेहरा बघत होतो, आणि तिथे काहीच नव्हतं. राग नाही, गंमत नाही, घाबरणंही नाही. शेवटी मी पुढचं वाक्य टाकलं आणि त्यांनी ते उचललं. प्रयोग पहिल्या वर्षापेक्षा पंधरा मिनिटं लांबला. वहीत लिहिलं: हशा एक, तोही अर्धा. तिसरा नाही.

परतीच्या प्रवासात मिनीबसमध्ये कुजबुज सुरू झाली. ताईंचा नाटकातला जीव गेला. ताईंना आता कंटाळा आलाय. हल्ली कुणाकडे बघून हसतसुद्धा नाहीत, भाव खातात. मला खरं तर हे ऐकून बरं वाटायला नको होतं, पण सात वर्षांपूर्वीचा तो इस्त्रीचा शर्ट माझ्या आत कुठेतरी अजून घडी करून ठेवलेला असावा. स्वतःचंच ऐकणाऱ्या माणसाला उतरवणाऱ्या बाईवर आता उतरायची वेळ आली, असा एक हलकट विचार माझ्या मनात येऊन गेला. लिहायला लाज वाटते, पण आला होता.

पुढचं आमंत्रण लंडनचं होतं. कमिटीने ठरवलं की ताईंनी दिग्दर्शन करावं आणि आत्याबाई पल्लवीने करावी. पल्लवी इथेच जन्मलेली, एका हॉस्पिटलात फिजिओ, नाटकात भाचेसुनेचं काम करायची. ताईंना हे कुणी सांगायचं? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. चुका वाचून दाखवायची मला सवय होती.

रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. काका बागेत होते. ताई स्वयंपाकघराच्या टेबलाशी मटार सोलत बसल्या होत्या, फार हळू. मी बरंच घोळवून, त्यांच्या अनुभवाचं कौतुक वगैरे करून, शेवटी एकदाचं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. आवाज इतका खाली की मला पुढे वाकावं लागलं. "पल्लवीला जुने व्हिडिओ दे. तिन्ही. क्रमाने बघ म्हणावं."

मी सुटलो. बाहेर पडल्या पडल्या कमिटीच्या ग्रुपवर टाकलं, "सांगितलं. ताईंना काही वाटलं नाही." खाली अंगठ्यांची रांग लागली.

दहा-बारा दिवसांनी पल्लवीचा फोन आला. "दादा, तू घरी आहेस का? मला एक गोष्ट दाखवायचं आहे." ती लॅपटॉप घेऊन आली. आवाज बंद करून तिने तिन्ही प्रयोगांतला तो एकच प्रवेश माझ्यापुढे एकामागून एक लावला.

"ताईचा डावा आर्म बघ. बर्मिंगहॅममध्ये चालताना स्विंग होतो. स्लाऊमध्ये कमी. केंब्रिजमध्ये पर्स आहे, पण पर्सपण हलत नाही. आता टर्न करताना बघ, किती छोटे स्टेप्स. आता फेस बघ."

मी बघितलं. पहिल्या व्हिडिओत चेहऱ्यावर नुसती धावपळ होती. तिसऱ्यात एक शांत बाई भिंतीकडे बघत होती.

"मला वाटलं, त्यांचा मूड..." मी म्हणालो.

"दादा, ताईला स्मेल येतो का?"

मला दूध आठवलं. मग तिने झोपेबद्दल विचारलं, आणि मला काकांची लाथ आठवली. मी उठून वही आणली. पल्लवीला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून मी तिला वाचून दाखवत गेलो. डावा हात लोंबतो. आवाज मागे पोचत नाही. वळायला वेळ. पिशवी ठेवताना अडकल्या. माझ्या नोंदींखाली ताई आपल्या अक्षरात शेरे लिहायच्या. पहिल्या वर्षी ते दोन-दोन ओळी खात होते, तिसऱ्या वर्षी इतके बारीक की मीच पान डोळ्यांजवळ धरलं. ताई कागद वाचवतात, असं मी तेव्हा समजलो होतो.

"मी डायग्नोस नाही करू शकत, ते माझा जॉब नाही," पल्लवी म्हणाली. "पण पार्किन्सन्स असा पण स्टार्ट होतो. जीपीला सगळं एकत्र सांगायला हवं, फक्त शोल्डर नाही. हे अ‍ॅक्टिंगचा प्रॉब्लेम नाहीये, दादा."

"पण हात तर कापत नाही त्यांचा."

"सगळ्यांचा नाही कापत."

पार्किन्सन्स म्हणजे थरथरणारा हात, एवढंच मला ठाऊक होतं. ताईंनाही, काकांनाही. थरथरणारा हात आम्ही सगळ्यांनी ओळखला असता.

पल्लवीने ताईंना समजावलं, काकांनी जीपीला सगळं सांगितलं. बद्धकोष्ठाचा त्रास ताईंनी कित्येक वर्षं कुणाला सांगितला नव्हता, तोही निघाला, आणि तेही याच आजाराचं लक्षण असू शकतं असं कळलं. बऱ्याच महिन्यांनी स्पेशालिस्टची वेळ मिळाली. ताईंच्याच हट्टामुळे मी वही घेऊन बरोबर गेलो. मी नोंदी इंग्रजीत सांगत होतो, डॉक्टर लिहून घेत होते. त्यांनी ताईंना चालायला लावलं, बोटं जुळवायला लावली, एक वाक्य पुन्हा पुन्हा लिहायला लावलं. शेवटी त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, पल्लवीने घेतलं होतं तेच, हळुवारपणे सांगितलं. मग वहीकडे बोट करून म्हणाले की इतकी नेमकी, तारीखवार नोंद त्यांना क्वचितच मिळते, कुणी ठेवली?

ताईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. डॉक्टर म्हणाले, "शाबास." म्हणजे त्या अर्थाचं इंग्रजीत काहीतरी. आयुष्यात मिळालेलं दुसरं कुठलंही कौतुक मला इतकं लागलेलं नाही.

काकांनी विचारलं, लवकर कळलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, आजार थांबला नसता. पण गोळ्या, व्यायाम, आवाजाचे धडे आधी सुरू झाले असते, ही वर्षं जरा सोपी गेली असती. ही वर्षं म्हणजे स्लाऊ आणि केंब्रिज. एका नटीची शेवटची दोन वर्षं, जी तिने माइक, पर्स आणि हलवलेलं दार घेऊन काढली.

गोळ्यांनी फरक पडला. चालणं मोकळं झालं, हात थोडा हलायला लागला. आत्याबाईंचं काम परत घ्या म्हणून कमिटी घाईघाईने त्यांच्या दारात गेली. "तेव्हा काढायचं नव्हतं," एवढंच त्या म्हणाल्या. लंडनचा प्रयोग पल्लवीने केला, चांगला केला. ताई आल्या नाहीत.

यंदा वसंतात दोघांनी घर विकलं आणि मुलीजवळ केंब्रिजला जायचं ठरवलं. निघायच्या दिवशी सकाळी मी सामान चढवायला गेलो. सामान कमीच होतं. मला खरं तर माफी मागायची होती, आणि ती मी वर्षभर पुढे ढकलत होतो. खोली रिकामी झाली. ताई एका उरलेल्या खुर्चीत कोट घालून बसल्या होत्या.

"ताई, माझं चुकलं. तुम्ही रागावला आहात का, तेच मला कळत नाही."

"चेहऱ्यावर शोधू नकोस. तिथे काही सापडायचं नाही आता." प्रत्येक शब्द त्या ढकलून बाहेर काढत होत्या, आवाजाच्या धड्यात शिकवल्यासारखा. "मी हल्ली कंसातलंसुद्धा बोलते. संहितेत कंसात लिहितो ना आपण, हसून, रडवेली होऊन? नात व्हिडिओवर आली की मी आधी सांगते, कंसात हसून. नाहीतर ती घाबरते."

मी हसलो.

"कंसात रागाने," त्या म्हणाल्या. "तू या घरात येऊन मला काढलंस. आणि बाहेर जाऊन लिहिलंस की त्यांना काही वाटलं नाही. हेही आहेत त्या ग्रुपवर, यांच्या फोनवर मी वाचलं ते. त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत त्या टेबलाशी बसून होते, हेमंत. मला ओरडायचं होतं, आवाज निघेना. रडायचं होतं, तोंड हलेना. सात वर्षं तू माझ्याकडे बघत होतास. तुला एकदा विचारावंसं वाटलं नाही, ताई, काय होतंय?"

काकांनी बाहेरून हॉर्न दिला. मी हात पुढे केला, त्यांनी तो धरला आणि उठल्या. दारापर्यंत आम्ही दोघं हळूहळू गेलो.

गाडी सुरू झाली. त्यांनी काच खाली केली आणि माझ्याकडे बघितलं. तोच चेहरा, शांत, सपाट. ओठ हलले. आधी एक छोटा शब्द, मग थोडं थांबून आणखी काही. शेजाऱ्यांच्या अंगणात गवत कापायचं यंत्र चालू होतं, आणि तो आवाज माझ्यापर्यंत पोचला नाही. कंसात काय होतं, मला कळलं नाही.

मला पुढे धावता आलं असतं. खिडकीशी वाकून, काय म्हणालात ताई, असं विचारता आलं असतं. गाडी अजून फाटकातच होती. मी ऐकू आल्यासारखी मान डोलावली आणि हात हलवला.